डिफ्यूज्ड की ॲक्सियल? चकचकीत नाण्याच्या फोटोतली गल्लत

नाण्याच्या फोटोवर पांढरा फटका उमटला की सल्ला ठरलेला असतो: लाइट डिफ्यूज कर, म्हणजे पसरव. थोडं जास्त वाचलेला कुणी भेटला तर म्हणतो, ॲक्सियल लाइट वापर, म्हणजे लेन्सच्याच दिशेने सरळ खाली पडणारा. दोन्ही औषधं एकाच दुखण्यावर सांगितली जातात, म्हणून बरेच जण दोन्हींना 'मऊ प्रकाश' समजून चालतात. मीही बरेच दिवस तसंच समजत होतो. डिफ्यूजर प्रकाशाचा आकार बदलतो आणि ॲक्सियल मांडणी त्याची दिशा बदलते. नाण्यावर या दोन गोष्टींचे परिणाम कधीकधी एकदम उलटे होतात.

नाणं म्हणजे नक्षी उठलेला छोटा आरसाच. आरशावर प्रकाश ज्या कोनात पडतो त्याच कोनात पलीकडे निघून जातो. कॅमेरा बरोबर डोक्यावर असेल, तर नाण्याचा सपाट भाग त्याला वरचंच काय ते दाखवणार: लेन्स, छत, फोन धरलेला हात. माझ्या पहिल्या प्रूफ नाण्याच्या (संग्राहकांसाठी खास पाडलेल्या, आरशासारख्या नाण्याच्या) फोटोत राजमुद्रेच्या शेजारी माझीच चार बोटं होती, जरा धूसर, पण ओळखू येतील अशी.

आता डिफ्यूज्ड. दिव्यासमोर ट्रेसिंग पेपर धरा, किंवा पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कपाचा तळ कापून तो नाण्यावर पालथा घाला आणि वरच्या भोकातून फोटो काढा. नाण्याच्या जागेवरून पाहिलं तर आता दिवा ठिपक्याएवढा राहत नाही, सगळीकडून पांढरी भिंत दिसते, जणू प्रकाशाचा तंबूच. यात अंतराला फार महत्त्व आहे. तोच कागद दिव्याला चिकटवून दिवा मीटरभर लांब नेलात, तर नाण्याच्या दृष्टीने तो पुन्हा ठिपकाच. कागद नाण्याच्या जवळ हवा.

फटका जातो, हे खरं. पण त्याच्याबरोबर आणखी दोन गोष्टी जातात. एक म्हणजे ओरखडे. पुसल्यामुळे पडलेल्या केसासारख्या बारीक रेघा पसरट प्रकाशात बेपत्ता होतात, त्यामुळे विकणाऱ्याच्या फोटोत नाणं निष्कलंक दिसलं तर मी आधी त्याचा तंबू आठवतो. दुसरी, आणि जास्त चटका लावणारी, म्हणजे झळाळी. ठसा आपटताना धातू दाबाखाली कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिबारीक रेघा सोडून जातो. न वापरलेलं नाणं हातात हलवलं की त्या रेघांवरून उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. संग्राहक त्याला कार्टव्हील म्हणतात. हा खेळ चालतो तो काही रेघा उजळतात आणि काही उजळत नाहीत म्हणून. चारी बाजूंनी उजेड आला की सगळ्या रेघा सारख्याच उजळतात, आणि कोरं करकरीत नाणं राखाडी प्लॅस्टिकचं बटण वाटायला लागतं.

तंबूची आणखी एक गंमत आहे. तो सगळीकडून प्रकाश देतो, फक्त एक जागा सोडून: लेन्ससाठी ठेवलेलं भोक. सपाट आरशाला वरून नेमकी तीच जागा दिसते. म्हणून प्रूफ नाण्याच्या मध्यभागी काळसर डाग येतो आणि आपण कागदाचा आणखी एक थर लावत बसतो. त्याने काही होत नाही, भोक असतं तिथेच राहतं.

ॲक्सियल मांडणी प्रकाश आणते तो नेमका याच भोकाच्या जागेवरून. फोटो फ्रेमची साधी, स्वच्छ काच नाणं आणि लेन्स यांच्यामध्ये 45 अंशात तिरपी बसवायची, वरची कड दिव्याच्या बाजूला. दिवा एका बाजूला, काचेच्या उंचीवर. काचेवरून थोडा प्रकाश खाली नाण्यावर उतरतो, आपटून सरळ वर येतो आणि काचेतूनच लेन्समध्ये जातो. म्हणजे प्रकाश जणू लेन्सच्या आतूनच पडतोय. साधी काच या कोनात जेमतेम दहावा हिस्सा परतवते, बाकीचा आरपार जातो. म्हणून शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर हवाच. दिव्याच्या समोरच्या बाजूला काळा कागद लावा, कारण काचेच्या वरच्या अंगातून कॅमेऱ्याला तीच बाजू दिसते आणि तिथे जे असेल त्याची पुसट छाया फोटोवर चढते. दिव्याचा थेट उजेड नाण्यावर पडू नये म्हणून मध्ये एक ठेंगणा पुठ्ठाही उभा करावा लागतो. हा पुठ्ठा मी पहिल्यांदा विसरलो होतो, आणि काच लावूनही फोटो काहीच बदलला नाही म्हणून काचेलाच दोष देत बसलो.

फोटो मात्र वेगळाच येतो. सपाट भाग लखलखीत, उतार काळे, अक्षरांच्या कडा सुईने कोरल्यासारख्या. आणि इथेच एक सल्ला फसतो: प्रूफ नाण्याला ॲक्सियलच हवा म्हणतात. प्रूफचं सौंदर्य कशात? काळ्या आरशावर उठलेल्या पांढऱ्या, खरबरीत चेहऱ्यात. ॲक्सियलमध्ये आरसा पांढरा होतो आणि चेहरा त्यापुढे करडा दिसतो. नाणं उलटं झाल्यासारखं वाटतं. काळा-पांढरा विरोध हवा असेल तर दोन लहान दिवे घड्याळातल्या 10 आणि 2 च्या जागी, उंच धरा आणि लेन्सच्या आजूबाजूला काळा कागद लावा. आरशात काळं दिसेल, उठावावर पांढरं. न वापरलेल्या नाण्याचं कार्टव्हीलही मी याच मांडणीत टिपतो, डिफ्यूजर अजिबात न लावता. झिजलेल्या नाण्याला मात्र एका बाजूने कागदातून आलेला उजेड पुरतो.

फोनवाल्यांना ॲक्सियल जड जातं. फोन इतका जवळ न्यावा लागतो की काच बसवायला जागाच उरत नाही. दोन पट झूमची लेन्स असेल तर ती निवडून मागे सरका. कॅमेरा असेल तर 100 मिलिमीटरच्या आसपासची मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स यासाठी आदर्श. कॅमेरा नाण्याला समांतर आहे का, हे पाहायला नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यावर आलं की झालं.

ॲक्सियलचा खरा मान जुन्या, रंग चढलेल्या चांदीच्या नाण्याला. त्यावर सिल्व्हर सल्फाइडचा अतिपातळ थर असतो आणि साबणाच्या फुग्यासारखे रंग त्यातूनच येतात. पण ते दिसतात आरशावरून यावा तसा सरळ परत येणाऱ्या प्रकाशातच. माझ्याकडच्या अशा एका नाण्याचा कपाखाली काढलेला फोटो तपकिरी, मळकट आहे. कुणीही चिंचेने घासायला घेईल असा. काचेखाली त्याच नाण्याच्या कडेला निळा पट्टा आहे, आत जांभळा, आणि अक्षरांच्या खाचांत सोनेरी.