अंडवृद्धी, दुधाळ लघवी, मूत्रपिंडाचा टीबी: योजनेतून शस्त्रक्रिया हवी असेल तर पैसे भरण्याआधी हे वाचा

हत्तीरोगाच्या जिल्ह्यांच्या यादीत मराठवाड्यातले नांदेड, लातूर आणि धाराशिव आहेत. हत्तीरोग म्हटलं की लोकांना सुजलेला पाय आठवतो. पण हाच क्युलेक्स डासातून पसरणारा जंत पुरुषाच्या अंडकोशात पाणी भरवतो (हीच अंडवृद्धी), आणि क्वचित लघवीच्या वाटेवरच्या लसीकावाहिन्या (शरीरातला पांढुरका द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) फोडून लघवी दुधासारखी पांढरी करतो. त्याशिवाय मूत्रपिंडाचा टीबी आणि मूत्रपिंडातली हायडॅटिडची गाठ, म्हणजे कुत्र्यांतून येणाऱ्या जंतामुळे होणारी पाण्याची गाठ. हे आजार रोजचे नाहीत, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी लवकर ओळखू येत नाहीत. रुग्ण वर्ष-दोन वर्षं औषधं बदलत फिरतो, आणि शस्त्रक्रिया ठरते तोवर हातातला पैसा संपलेला असतो.

म्हणून पहिलीच गोष्ट: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णाला पैसे परत मिळत नाहीत. ही योजना कॅशलेस आहे. आधी रोख भरून शस्त्रक्रिया करून घ्यायची आणि मग बिलं घेऊन जिल्ह्याच्या कार्यालयात जायचं, असा मार्ग नाही. "भरती तर होऊ द्या, कागदाचं नंतर बघू" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. रुग्णालयात पाऊल टाकल्यावर केस पेपरच्या आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे रुग्णाला मदत करणाऱ्या योजनेच्या माणसाचं टेबल शोधा. प्रत्येक संलग्न रुग्णालयात तो असतोच.

पात्रतेबद्दल फार घाबरू नका. 2012 मध्ये ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होतं. तेव्हा लाभ रेशनकार्डाच्या पिवळ्या-केशरी रंगावर ठरायचा, पुढे त्यात शुभ्र कार्डाचा भेद आला. शुभ्र कार्डवाल्या शेतकऱ्याला फक्त 14 जिल्ह्यांत सातबाऱ्यावर लाभ मिळायचा, त्यात मराठवाड्यातले सगळे जिल्हे होते. जुलै 2024 पासून रंगाची अट राहिली नाही. महाराष्ट्राचा रहिवासी असलेल्या कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. लक्षात घ्या, ही रक्कम कुटुंबाला मिळून आहे, माणशी नाही.

अडतं ते रेशनकार्डावर. कार्ड घरात असतं, पण योजनेच्या संगणकाला लागतो तो बारा अंकी ऑनलाइन नंबर, जो 27 ने सुरू होतो. जुन्या कार्डावर छापलेला नंबर हा नव्हे. तो नंबर रेशन दुकानदाराकडे किंवा तहसीलच्या पुरवठा शाखेत मिळतो. मिळाला की लगेच त्यातली नावं तपासा. मुलगा वेगळा राहू लागला, त्याचं नाव वडिलांच्या कार्डातून कमी केलं आणि नव्या कार्डात चढवायचं राहिलं, अशी घरं गावोगाव आहेत. तो मुलगा आजारी पडला की तो कुठल्याच कुटुंबात नसतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं तर विचारूच नका. केज-धारूरकडची माणसं सहा-सहा महिने कारखान्यावर, कार्ड गावात कुलपात, आणि ई-केवायसी राहिली म्हणून धान्य आणि नाव दोन्ही बंद. कारखान्यावर जाण्याआधी घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी करून घ्या आणि कार्डाच्या सगळ्या पानांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

दुसरी अडचण नावाच्या स्पेलिंगची. आधारवर इंग्रजीत एक, रेशनला दुसरं, सोनोग्राफीच्या रिपोर्टवर तिसरंच. एका आजींच्या कागदावर आधारला 'गयाबाई' आणि रिपोर्टला 'गंगाबाई' होतं. मुलगा म्हणाला, "साहेब, माझी आई एकच आहे की." त्याचं खरं होतं, पण मंजुरी देणारा माणूस मुंबईत बसून फक्त कागद बघतो. हे सरकारला सोपं करता येईल, आणि करायला हवं. तोवर उपाय एकच: तपासणीला जाताना आधारकार्ड सोबत न्या आणि रिपोर्टवर नाव आधारप्रमाणेच लिहायला सांगा. लॅबमध्ये दोन मिनिटांत दुरुस्त होतं, नंतर दोन आठवडे जातात.

आता आजाराप्रमाणे काय लागतं ते.

साध्या अंडवृद्धीसाठी बऱ्याचदा योजनेचीच गरज नसते. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयं वेगळ्या खात्याखाली येतात, तिथे हा नियम जसाच्या तसा लागू नाही. त्यामुळे घाटीत (छत्रपती संभाजीनगर) किंवा विष्णुपुरीला (नांदेड) वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊन "मोफत आहे ना" म्हणून वाद घालण्याआधी जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात सर्जन कधी येतात ते विचारा. सुईने पाणी काढून घेऊ नका, ते पुन्हा भरतं आणि जंतुसंसर्गाची भीती असते. हत्तीरोगाच्या गोळ्यांनीही भरलेलं पाणी जात नाही. आणखी एक गैरसमज: रक्तात जंत सापडला नाही म्हणून शस्त्रक्रिया नाकारली, असं लोक सांगतात. हे जंत रक्तात रात्री उतरतात, म्हणून नमुना रात्री आठनंतर घेतात, आणि जुन्या अंडवृद्धीत तो निगेटिव्ह येणं नेहमीचं आहे. शस्त्रक्रिया ठरते ती तपासणी आणि सोनोग्राफीवर. मंजुरीसाठी कधी त्या भागाचा फोटो मागतात. लाजून तो टाळू नका, अर्ज तिथेच थांबतो.

दुधाळ लघवीच्या रुग्णाला आधी कमी तेलतुपाचा आहार आणि औषधं, मग मूत्रपिंडात औषध सोडण्याचा उपाय, आणि एवढं करूनही थांबलं नाही तरच लसीकावाहिन्या तोडण्याची शस्त्रक्रिया. ही युरोसर्जनचीच शस्त्रक्रिया आहे, म्हणून थेट युरॉलॉजी विभाग असलेल्या रुग्णालयात जा. योजनेत आजाराला नाही, शस्त्रक्रियेच्या पॅकेजला मंजुरी मिळते, आणि काही पॅकेजेस फक्त सरकारी रुग्णालयांना राखीव आहेत. "माझा आजार योजनेत बसतो का" असं विचारू नका. डॉक्टरांकडून शस्त्रक्रियेचं नाव कागदावर लिहून घ्या आणि आरोग्यमित्राला विचारा, "हे पॅकेज या रुग्णालयात होतं का?"

मूत्रपिंडाच्या टीबीत नातेवाइकांचा संयम सुटतो. लघवीत पू दिसतो, साधं कल्चर निगेटिव्ह येतं आणि महिने जातात. निदान झालं की डॉक्टर आधी काही आठवडे टीबीचं औषध देतात, मगच मूत्रपिंड काढणं किंवा नळी दुरुस्त करणं. ही टाळाटाळ नाही. या काळात निक्षय नोंदणी (टीबी रुग्णांची सरकारी ऑनलाइन नोंद) झाली आहे ना, बँक खातं जोडलं आहे ना, ते पाहा. नोव्हेंबर 2024 पासून पोषणासाठी महिना 1000 रुपये मिळतात. हायडॅटिडच्या गाठीलाही शस्त्रक्रियेच्या आगेमागे अल्बेंडाझोल हे जंतनाशक औषध द्यावं लागतं. मेंढरं आणि कुत्री जवळ असलेल्यांनी ही माहिती डॉक्टरांना आपणहून सांगावी.

योजनेत जमलंच नाही, तर धर्मादाय रुग्णालय. वर्षाचं उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असेल तर मोफत, 3 लाख 60 हजारांपर्यंत असेल तर सवलतीत. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि इथे मुदत हमखास चुकीची वाचली जाते. दाखला काढल्यापासून बारा महिने चालत नाही, 31 मार्चला संपतो. फेब्रुवारीत काढून एप्रिलमध्ये शस्त्रक्रियेला निघालात, तर परत पाठवतील. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच सेतूत नवा अर्ज टाका.

सुट्टी मिळताना एक बघायचं राहून जातं. मूत्रनळीत डीजे स्टेंट (लघवीची वाट मोकळी ठेवणारी तात्पुरती बारीक नळी) घातला असेल, तर तो ठरलेल्या मुदतीत काढावाच लागतो. विसरला तर त्यावर खडे जमतात आणि पुन्हा मोठी शस्त्रक्रिया होते. बऱ्याच डिस्चार्ज कार्डांवर "फॉलोअप" एवढंच लिहिलेलं असतं. तेवढ्यावर उठू नका. काढायची तारीख डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या, आणि ते काढणं याच मंजुरीत धरलं आहे की नवा अर्ज लागेल, हे आरोग्यमित्राला तिथेच विचारा. रुग्णालयाने योजनेतल्या रुग्णाकडे पैसे मागितले, तर 155388 वर तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक टिपून ठेवा.