न संपणाऱ्या जादूचं गणित

१९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा, प्रत्येकानं एकेक पात्र होऊन फाशांवर खेळायचा खेळ पहिल्यांदा छापून आला, तेव्हा पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अगदी नवख्या, जादूगाराला दिवसाकाठी एक मंत्र मिळायचा. एकच. तो वापरून झाला की उरलेला दिवस खंजीर सांभाळत तलवारवाल्याच्या आडोशाला काढायचा. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत 'कॅन्ट्रिप' नावाचे किरकोळ मंत्र होते, पण तेही मोजूनमापून. पहिल्या लेव्हलच्या विझर्डला, म्हणजे जादूगाराला, दिवसाला तीन. त्यातल्या 'रे ऑफ फ्रॉस्ट'चा सरासरी मार होता २. एवढ्यानं उंदीरही जेमतेम मरायचा.

मग २००४ मध्ये वॉरलॉक हा जादूगाराचा नवा क्लास (पात्राचा प्रकार) आला आणि 'एल्ड्रिच ब्लास्ट' हवा तितक्या वेळा मारू लागला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तर सगळ्याच जादूगारांचे कॅन्ट्रिप अमर्याद आहेत. जादूगाराला हात चोळत बसावं लागेना. पण खेळ घडवणाऱ्यांपुढे नवा पेच उभा राहिला: जी गोष्ट कधी संपतच नाही, तिला किती जोर द्यायचा? आणि सगळ्या क्लासना सारखाच द्यायचा का?

खरं तर इथलं 'अमर्याद' हे मोबाइलच्या अनलिमिटेड प्लॅनसारखं असतं. डेटा संपत नाही, पण वेगाला टोपण बसवलेलं असतं. लढाईत प्रत्येकाला एका फेरीत साधारण एकच मोठी कृती करता येते. त्यामुळे हिशेब करायचा तो दर फेरीचा.

पाचव्या लेव्हलचा विझर्ड 'फायर बोल्ट' हा कॅन्ट्रिप टाकतो, तेव्हा वीस बाजूंचा फासा टाकून नेम लागला का ते बघतो आणि लागला तर दहा बाजूंचे दोन फासे टाकून मार मोजतो. दोन फाशांची सरासरी ११. नेम लागण्याची शक्यता ६५ टक्के धरली, तर दर फेरीला अपेक्षित मार ७.१५ (फाशावर २० पडल्यावर मिळणारा जादा मार सोडून). त्याच लेव्हलचा वॉरलॉक 'एल्ड्रिच ब्लास्ट'चे एका झोताऐवजी दोन झोत सोडतो. प्रत्येक झोताला दहा बाजूंचा एक फासा आणि नेमाचा फासा वेगळा. त्याचीही सरासरी ७.१५ च येते.

म्हणजे दोघं बरोबरीत? नाही. विझर्डची फेरी पूर्ण वाया जाण्याची शक्यता ३५ टक्के. वॉरलॉकचे दोन्ही झोत चुकायला हवेत, म्हणजे ०.३५ गुणिले ०.३५, जेमतेम १२ टक्के. शिवाय समोर ७ हिट पॉइंटचे (एवढा मार बसला की खलास) दोन गॉब्लिन असतील, तर विझर्डच्या ११ पैकी ४ वाया जातात; वॉरलॉक मात्र एकेक झोत दोघांवर वाटून मारतो. सरासरी तीच, पण तिचा पसारा वेगळा, आणि खेळताना जाणवतो तो हा पसाराच.

खरी गंमत पुढे आहे. वॉरलॉकला 'अ‍ॅगनायझिंग ब्लास्ट' घेता येतो, त्यामुळे प्रत्येक झोताच्या मारात त्याचा करिश्मा (व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाचा आकडा) मिळवला जातो. हा करिश्मा +४ असला, तर दर फेरीचा अपेक्षित मार १२.३५. सतराव्या लेव्हलला झोत चार होतात, म्हणजे ही बेरीजही चार वेळा. विझर्डला अशी चार-चार वेळा होणारी बेरीज मिळत नाही. नवखे खेळाडू इथे हमखास 'अन्याय!' म्हणून ओरडतात.

पण अन्याय आहे की नाही, हे दिवस किती लांब आहे त्यावर ठरतं. पाचव्या लेव्हलच्या विझर्डकडे मोठ्या मंत्रांसाठी नऊ स्लॉट (एका स्लॉटला एक मंत्र) असतात, वॉरलॉककडे फक्त दोन, जे तासाभराच्या विश्रांतीनंतर भरून येतात. २०१४ च्या डीएमसाठीच्या (खेळ चालवणाऱ्या 'डंजन मास्टर'साठीच्या) पुस्तकात एका दिवसाचा आवाका सहा ते आठ मध्यम किंवा अवघड लढायांचा धरला होता. सहा लढाया, प्रत्येकी तीन-चार फेऱ्या, म्हणजे वीसेक फेऱ्या. दोनदा विश्रांती घेऊनही वॉरलॉकचे स्लॉट होतात सहा. उरलेल्या चौदाएक फेऱ्या तो कॅन्ट्रिपवरच काढणार. त्याचा कॅन्ट्रिप दणकट असायलाच हवा.

आता तुमचा डीएम दिवसाला एकच लढाई घेत असेल तर? चार फेऱ्या. विझर्ड चारही फेऱ्यांत मोठे मंत्र टाकतो. त्यातल्या एका 'फायरबॉल'चा सरासरी मार २८, तोही गोळ्यात सापडलेल्या आणि बचावाचा फासा हुकलेल्या प्रत्येकाला. त्याच्यापुढे १२.३५ चं काय कौतुक! आकडे तेच, तक्रार मात्र उलटी. म्हणून कॅन्ट्रिपच्या तक्त्यात खाडाखोड करण्याआधी मी डीएमला लढाया मोजायला सांगेन.

एक भोक मात्र दिवस लांबवूनही बुजत नाही. कॅन्ट्रिपचा जोर पात्राच्या एकूण लेव्हलवर वाढतो, त्या क्लासमधल्या लेव्हलवर नाही. त्यामुळे सॉर्सरर (आणखी एका क्लासचा जादूगार) आपल्या क्लाससोबत वॉरलॉकच्या दोनच लेव्हल घेतो, अ‍ॅगनायझिंग ब्लास्ट खिशात टाकतो आणि पुढे सॉर्सररचे सगळे स्लॉट मिळवत राहतो. कमी स्लॉटच्या बदल्यात मिळालेली भरपाई त्यानं कमी स्लॉट न सोसताच उचलली. ही मला रचनेतली चूकच वाटते.

लढाईबाहेर तर फेऱ्यांचं टोपणही नसतं. म्हणून जखमा भरणारा कॅन्ट्रिप पाचव्या आवृत्तीत ठेवलेलाच नाही. 'स्पेअर द डाइंग' मरणाऱ्याचा जीव फक्त टिकवून ठेवतो, एकही हिट पॉइंट परत देत नाही. दिला असता तर दहा मिनिटं थांबून सगळे ठणठणीत. पण 'गायडन्स' निसटला. कुठल्याही कौशल्याच्या फाशात चार बाजूंचा फासा मिळवा, सरासरी २.५, वीस बाजूंच्या फाशावर ही सुमारे साडेबारा टक्क्यांची वाढ, फुकट आणि कितीही वेळा. क्लेरिक (देवाच्या नावानं जादू करणारा पुजारी) सोबत असला की दर कुलपाला, दर दाराला 'गायडन्स!' अशी हाळी ऐकू येते. २०२४ च्या सुधारित नियमांत तो टाकतानाच एक कौशल्य निवडावं लागतं आणि मदत तेवढ्यालाच मिळते. हाळी थांबलेली नाही. आता तिच्या पाठोपाठ कौशल्याचं नावही घ्यावं लागतं, इतकंच.