आर्किटेक्ट व्हायला किती वर्षं लागतात? अकरावीपासून नोंदणीपर्यंत

बारावीनंतर पाच वर्षं, हे उत्तर बरोबरच आहे. पण खरा निर्णय त्याआधी, अकरावीला विषय निवडताना होऊन जातो. लातूर-नांदेडकडे डॉक्टरकीच्या ओढीने गणित सोडून पीसीबी (भौतिकशास्त्र, रसायन, जीवशास्त्र) घेणारी मुलं पुष्कळ. नीटचा निकाल लागला की त्यातली काही बी.आर्क.ची, म्हणजे आर्किटेक्चरच्या पदवीची, चौकशी करायला येतात आणि त्यांना नाही म्हणावं लागतं. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही हवेतच. तिसरा विषय रसायन, जीवशास्त्र, कॉम्प्युटर सायन्स यांपैकी चालतो. एकूण 45 टक्के लागतात. गणितासह तीन वर्षांचा डिप्लोमा केलेल्यांनाही प्रवेश मिळतो, मात्र पहिल्याच वर्षाला. इंजिनिअरिंगसारखा थेट दुसऱ्या वर्षाला नाही. म्हणजे दहावीपासून मोजलं तर बारावीच्या वाटेने सात वर्षं, डिप्लोमाच्या वाटेने आठ.

एमएचटी-सीईटी इथे कामाची नाही. नाटा, म्हणजे आर्किटेक्चरची राष्ट्रीय अभियोग्यता परीक्षा, द्यावी लागते: 200 गुण, त्यातले 80 कागदावर हाताने काढायच्या चित्राला आणि रचनेला, 120 संगणकावरच्या प्रश्नांना. नाटाचा फॉर्म वास्तुकला परिषदेकडे (आर्किटेक्टची नोंदणी करणारी देशपातळीवरची संस्था) भरायचा, प्रवेशाचा फॉर्म राज्य सीईटी कक्षाकडे. नाटा दिली म्हणजे कॅपमध्ये (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत) नाव आलं, असं समजून दुसरा फॉर्म राहून गेलेली मुलं दरवर्षी भेटतात. गुणवत्ता यादीत निम्मा वाटा नाटाचा, निम्मा बारावीचा.

कागदपत्रांत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, अधिवास, आधार हे चटकन जमतं. अडतं ते जात वैधतेवर. उपविभागीय अधिकाऱ्यांचा जातीचा दाखला वेगळा, पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र वेगळं. निजामकाळच्या हैदराबाद गॅझेटमधल्या नोंदींच्या आधारे कुणबी दाखला मिळाला, तरी वैधतेचा प्रस्ताव स्वतंत्र टाकावाच लागतो. कॉलेजचं पत्र जोडून तो अकरावीतच टाका. जूनमध्ये समितीच्या दारात गर्दी असते. नॉन-क्रिमीलेअरवरची तारीख नीट वाचा: प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या 31 मार्चपर्यंत ते वैध हवं. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना 2024-25 पासून शिक्षण शुल्क माफ आहे; त्यासाठी प्रवेश कॅपमधूनच घ्या आणि महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करा. शीट, मॉडेल, प्रिंट यांचा खर्च मात्र घरूनच.

पाच वर्षांतली एक सेमिस्टर नोंदणीकृत आर्किटेक्टच्या ऑफिसात प्रशिक्षणाची. आपल्याकडची बरीच मुलं त्यासाठी पुणे-मुंबई गाठतात. स्टायपेंडमध्ये खोलीभाडं निघेलच असं नाही. तेवढे पैसे आधीच बाजूला ठेवा. संभाजीनगरात चांगलं ऑफिस मिळालं तर तिथे साईटवर जास्त जायला मिळतं, असं माझं मत. बॅकलॉग राहिले की पाचाची सहा वर्षं होतात, आणि ते बहुधा डिझाईनच्या विषयात राहतात.

एम.आर्क. आणखी दोन वर्षांचं, पण प्रॅक्टिससाठी ते सक्तीचं नाही. पदवीनंतर वेगळी परीक्षाही नाही. पदवी किंवा प्रोव्हिजनल प्रमाणपत्र, गुणपत्रिका, ओळखपत्र, फोटो जोडून परिषदेकडे ऑनलाईन अर्ज करायचा. ‘सीए’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मिळेपर्यंत 1972च्या वास्तुविशारद कायद्याप्रमाणे स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, त्यामुळे व्हिजिटिंग कार्ड छापायची घाई नको. नोंदणीचं नूतनीकरण मुदतीत करा. शुल्क थकलं तर नोंदवहीतून नाव काढलं जातं.