बाहेरची वायर

बाहेरची वायर : घराच्या भिंतीबाहेर, म्हणजे गॅलरी, खिडकीची ग्रिल, गच्ची, पत्र्याची शेड, अंगण अशा ठिकाणी कायमची लावलेली आणि ऊन-पाऊस थेट झेलणारी वायर किंवा केबल. या नावाचा वेगळा माल बाजारात नसतो, मुंबईत वीजसामानाच्या बाजारात, लोहार चाळीत गेलात तरी दुकानदार पहिलं विचारतो 'दीडची की अडीचची?' (म्हणजे तारेची जाडी, स्क्वेअर एमएममध्ये), आणि गिऱ्हाईकही तेवढंच ठरवून आलेलं असतं. पण बाहेरच्या कामात जाडीइतकंच, माझ्या मते जास्तच, महत्त्व आवरणाला आहे.

मापं : मुंबईतले जुने वायरमन अजून 'एक-अठरा', 'तीन-बावीस', 'तीन-वीस', 'सात-वीस' असं बोलतात. पहिला आकडा वायरीतल्या पदरांचा, म्हणजे सुट्या तारांचा, दुसरा त्या पदराच्या गेजचा, म्हणजे जाडीच्या नंबराचा. पदर १, ३, ७, १९ असेच का, तर मधल्या एका गोल तारेभोवती त्याच जाडीच्या बरोबर सहा तारा बसतात, म्हणून सात, आणि त्यावर बाराचा आणखी एक थर दिला की एकोणीस. तीनला मात्र मधली तार नसते. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, याच्या मुळाबद्दल मतभेद आहेत. तार जितक्या वेळा भोकाच्या पट्टीतून ओढली तितका तिचा नंबर, असं एक मत. दुसरं असं की नंबर ही नुसती व्यापाऱ्यांची सवय, कारण एका नंबरातून पुढच्या नंबरात जाताना जाडी सारख्या प्रमाणात कमी होत नाही. पहिलं मत जास्त पटतं, ही विषमता नंतर वेगवेगळ्या कारखान्यांची मापं एकत्र बसवताना आली असावी, कारण एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये बरेच गेज एकाच वेळी चालू होते आणि एकच नंबर दोन ठिकाणी दोन जाड्यांचा असायचा. सरकारी स्टँडर्ड वायर गेज ठरलं १८८३-८४ च्या सुमारास. क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले ते १८८२ साली असं साधारणपणे मानतात, मुंबईला वीज पुरवणाऱ्या बेस्टची मूळ कंपनी १९०५ ची, तेव्हा मुंबईत विलायती मालाबरोबर हे नवं गेजच रुजलं असणार.

१९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली आणि वायर स्क्वेअर एमएममध्ये, म्हणजे तांब्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, मोजायला लागले, तरी जुनी बोली राहिली. हिशेब केला तर एक-अठरा साधारण १.१७, तीन-वीस १.९७ आणि सात-वीस ४.६ स्क्वेअर एमएम भरते. म्हणजे तीन-वीस ही दीड आणि अडीच यांच्या मधे पडते, आणि ती मागितल्यावर हातात काय मिळेल ते दुकानावर अवलंबून, म्हणून अडीच असं स्पष्ट सांगून घ्यावी.

लांबीने फरक पडतो. ३० मीटरवरचा एक एचपीचा पंप ७ अँपिअर घेत असेल तर दीडच्या फ्लेक्झिबल (बऱ्याच बारीक तारांच्या) तांब्यात साधारण साडेपाच व्होल्ट वाटेत जातात, अडीचमध्ये सव्वातीन-साडेतीन. हे चालतं, पण सुरू होताना पंप पाचपट करंट ओढतो आणि तेव्हा दीडच्या वायरीत २८ व्होल्टच्या आसपास पडतात, मोटर गुरगुरते ती बऱ्याचदा यामुळे. नुसत्या एलईडी दिव्यांना दीड पुष्कळ.

आवरण : गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींत लाकडी पट्टीवर क्लिपांनी ठोकलेली रबरी वायर असायची, पीव्हीसी आलं ते बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतर. आज घरात पाइपातून जाते ती आयएस (भारतीय मानक) ६९४ ची, एकाच थराच्या आवरणाची वायर, आणि लोक उरलेलं तेच बंडल गॅलरीत वापरतात. ते चुकीचं आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी पीव्हीसीचा रेणू तुटत जातो, त्याला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य निघून जातं, रंग उडतो, मग वाकवली की तडा जातो, त्या तड्यात जूनचं पाणी आणि समुद्राची खारी हवा शिरते आणि आतलं तांबं हिरवं पडतं. एफआर किंवा एफआरएलएस छापलेलं असलं तरी त्याचा अर्थ आग पसरू न देणं किंवा धूर कमी एवढाच, ऊन-पावसाशी त्याचा काही संबंध नाही. हा गैरसमज फार आहे.

बाहेर कोअरवर (आवरण घातलेल्या तारांवर) आणखी एक जाड शीथ, म्हणजे वरचं आवरण, असलेली केबल घ्यावी, शक्यतो काळी, कारण कार्बन ब्लॅक किरणं अडवतो (नुसता काळा रंग पुरेसा नाही, केबलवर छापलेलं वाचून घ्या). गच्ची किंवा कंपाउंडसाठी आर्मर्ड (आत धातूचं चिलखत असलेली), आयएस १५५४ ची पीव्हीसी नाहीतर आयएस ७०९८ ची एक्सएलपीई (जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक), पहिलीतलं तांबं ७० अंशांपर्यंत चालतं, दुसरीतलं ९०. आर्मर अर्थ केलेलं असलंच पाहिजे. अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त पडते पण तांब्याशी थेट जोड दिला तर दमट हवेत तो सडतो, तिथे बायमेटल लग (दोन्ही धातूंचा जोडतुकडा) लागतो.

वायर ग्रिलला बाइंडिंग वायरने आवळू नये आणि पत्र्याच्या कडेवरून उघडी नेऊ नये, आवरण कापलं की अख्खी ग्रिल करंट मारते आणि त्याच ग्रिलवर आपण कपडे वाळत घालतो, कंदील लावतो, मुलं तिला धरून पावसात उभी राहतात. बाहेरच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवाच, एमसीबी (जास्त करंट झाला की पडणारा स्विच) माणसाला शॉकपासून वाचवत नाही. जोड आयपी ६५ च्या (धूळ-पाणी आत न घेणाऱ्या) बॉक्समध्ये, ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं बूच) लावून, केबल खालून आत घ्यावी. टेप गुंडाळलेला जोड एका पावसाळ्याचाही नाही. काम परवानाधारक वायरमनकडून.

जमिनीखालून नेताना ७५ सेंटिमीटर खोल, वर-खाली वाळू आणि त्यावर विटांची ओळ.

गच्चीवरच्या सोलरची डीसी बाजू वेगळी, तिला कल्हई केलेल्या तांब्याची आयएस १७२९३ ची केबल लागते.