टोपाच्या मांजरपाटापासून लेसच्या जाळीपर्यंत

सांगलीत माझ्याकडे टक्कल झाकायला केसांचा पॅच बसवायला येणारा माणूस आधी केसांची चौकशी करतो. केस खरे आहेत का, रंग जुळेल का, पांढरे किती टाकणार. मी मात्र पॅच उलटा करून त्याच्या हातात देतो. केस बरे मिळतात. माणूस फसतो तो खालच्या बेसवर, म्हणजे केस ज्यात बसवलेले असतात त्या तळावर. आणि बेस का बदलत गेला हे समजलं, तर आपल्याला कोणता हवा हेही बऱ्यापैकी समजतं.

माझ्याकडे नाटकाच्या रंगपटातला एक जुना टोप, म्हणजे केसांचा विग, आहे. आत मांजरपाटाची दुपदरी टोपी. दोऱ्यात केस विणून केलेल्या पट्ट्या तिच्यावर घेरात, एकाखाली एक शिवलेल्या. कपाळावर येणारी कड चांगली जाड आहे, बोटाला लागते. ती रंगाने बुजवायची. जवळून पाहिलं तर लहान मूलही ओळखेल, पण टोप अजून धड आहे, एक टाका उसवलेला नाही.

त्या काळाला तो पुरेसा होता. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हा उजेड तेलाच्या दिव्यांचा आणि प्रेक्षक लांब. राक्षसपार्टी आरोळ्या ठोकत, तलवारी फिरवत नाचायची. तिथे टोप डोक्यावर टिकणं महत्त्वाचं, कपाळाची रेघ कोण बघतो? पुढे स्त्रीभूमिका पुरुषच करत राहिले, तेव्हा अंबाडा आणि वेणी जमवायला गंगावन होतंच. ते आपल्या घरांतलंच. आज्या वेणीत घालायच्या ते गंगावन मुळात वनगाईच्या शेपटीच्या केसांचं. त्याला बेस नसतोच, खरे केसच त्याला धरून ठेवतात. टक्कल पडलेल्याला हा मार्ग बंद, म्हणून तर जाळीचा सगळा खटाटोप.

जाळी तशी फार जुनी. इजिप्तमध्ये तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी केसांच्याच जाळीवर मेण लावून विग बांधलेले सापडले आहेत. युरोपातल्या राजेरजवाड्यांचे विग रेशमी धाग्यात विणलेल्या केसांचे, फितीवर आणि जाळीवर शिवलेले. म्हणजे तत्त्व माझ्या मांजरपाटाच्या टोपाचंच. फरक पडला तो यंत्रावरच्या जाळीने. इंग्लंडमध्ये जॉन हीथकोट यांनी १८०९ च्या सुमारास बॉबिननेटचं यंत्र केलं. त्या जाळीची घरं षटकोनी असतात, धागे एकमेकांना वेढा घालून जातात. एक धागा तुटला तरी मोज्यासारखी सरळ ओळ उसवत जात नाही. एवढ्या पातळ कापडावर केस बांधायचं धाडस त्यामुळेच झालं.

एकोणिसाव्या शतकात पट्ट्या शिवण्याऐवजी केस एकेक करून गाठीने बांधायला लागले. सुईच्या टोकाला गळासारखा बारीक आकडा असतो. केस दुमडून धरायचा, आकडा घरातून घालून केसाचा वेढा ओढून घ्यायचा, त्यातूनच केस काढून गाठ आवळायची. दोन वेळा आवळली की दुहेरी गाठ, ती टिकते पण ठिपक्यासारखी दिसते. एकेरी गाठ दिसत नाही, पण केस लवकर सुटतो. मी शिकत होतो तेव्हा नखाएवढ्या जागेत सकाळ जायची आणि डोळ्यांत पाणी यायचं. पण वाऱ्यावर केस उलटला आणि खाली कातडी दिसली, तेव्हा मी थांबून नुसता बघत राहिलो होतो.

सिनेमा आला आणि कपाळच थेट प्रेक्षकांसमोर आलं. पडद्यावर चेहरा भिंतीएवढा झाला, जाड कड चालेना. मग केसांच्या पुढे थोडी मोकळी जाळी सोडून ती स्पिरिट गम नावाच्या गोंदाने कपाळाला चिकटवायची पद्धत रुळली. एका दिवसाच्या शूटिंगला ती पुरते. माणसाला ती महिनोन्महिने घालून ऑफिसला जायचं असतं, आणि हा फरक ग्राहकाला कुणी सांगत नाही याचा मला राग येतो.

रोजच्या वापराची सोय रसायनांनी केली. नायलॉन १९३५ चं, पॉलियुरेथेन १९३७ चं. एका बाजूने नायलॉन-पॉलिएस्टरच्या कडक, बारीक धाग्यांचं मोनो आलं. ते टिकाऊ, पण टाळूला थोडं खरबरीत, पुढच्या कडेला चमकतं. दुसरीकडे पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, कातडीसारखा पातळ पापुद्रा आला. कड बेमालूम, पण हवा जात नाही. लेसमध्ये, म्हणजे केस बांधायच्या बारीक जाळीत, स्विस बारीक, फ्रेंच जरा दणकट. जितकं दिसेनासं, तितकं लवकर फाटणारं, हे गणित कुणालाच चुकवता आलेलं नाही.

सांगलीचा उन्हाळा या गणितात भर घालतो. एप्रिलमध्ये बंद पीयूखाली घाम साचतो, गोंद वितळून चिकट होतो, कड सुटते. लेसमधून घाम बाहेर पडतो, पण गोंदही घरांतून वर येऊन केसांच्या मुळाशी बसतो. म्हणून इथल्या रोज दुचाकीवर फिरणाऱ्याला मी पुढे लेस, मधे मोनो, आणि टेप धरायला मागे व बाजूंनी पीयूची पट्टी असा जोड बेस सुचवतो. पुढची लेस फाटली तर तेवढीच बदलता येते.

केसांबद्दल एकच. गल्लीतून ‘केसावर भांडी’ ओरडत जाणारे आपलं गुंतवळ नेतात. त्यात मुळं आणि टोकं उलटसुलट असतात, म्हणून असे केस रसायनात घालून त्यांचं खवल्यांचं आवरण काढतात. ते नव्याने मऊ लागतात, पुढे गुंततात. बेस कितीही चांगला असो, गुंता सोडवताना कंगव्याने गाठी ओढल्या की तो तिथेच फाटतो.

मिरजेला केमो घेणाऱ्या बायकांचं सगळंच निराळं. त्यांची टाळू हुळहुळी झालेली असते, गोंद-टेप लावायचाच नाही. गाठी दोन थरांत लपवलेला सिल्क टॉप, आत सुती अस्तर, कडेला मऊ इलॅस्टिक. गेल्या महिन्यात एक ताई आल्या. आरशात न बघता त्यांनी आधी आतून हात फिरवला, मग डोळे मिटून विग डोक्यावर ठेवला, आणि म्हणाल्या, “टोचत नाही हो.”