सोडा की बेकिंग पावडर? मुलांबरोबरच्या तवा पिझ्झासाठी

नेपल्सच्या मूळ पिझ्झाचे पीठ यीस्टने फुगते आणि त्याला काही तास मुरू द्यावे लागते. चार-पाच वर्षांच्या मुलांना हाताशी घेऊन पिझ्झा करायचा असेल तर त्यांचा उत्साह तेवढा वेळ टिकत नाही, म्हणून घरी बिनयीस्टचा तवा पिझ्झा करणे सोयीचे ठरते. त्यासाठी कोणी खाण्याचा सोडा सांगतो, कोणी बेकिंग पावडर. दोन्ही पुडी पांढऱ्याशुभ्र असल्यामुळे एकीच्या जागी दुसरी तेवढ्याच मापाने पडते, आणि मग पिझ्झा एक तर साबणासारखा कडवट लागतो, नाहीतर चामट होतो.

सोडा म्हणजे निव्वळ सोडियम बायकार्बोनेट. त्याला आम्लाची जोड मिळाली की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि पीठ हलके होते. हे आम्ल आपल्या तवा पिझ्झात दह्यातून किंवा ताकातून येते. बेकिंग पावडरीत सोडा असतोच, पण त्याबरोबर कोरडे आम्ल आणि ओल शोषून घेणारा स्टार्चही असतो, त्यामुळे तिला दह्याची गरज नसते, पाणी किंवा दूध पुरते. अशी पूड इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड यांनी 1843 मध्ये तयार केली, तीही पत्नीला यीस्ट सोसत नसे म्हणून.

आता मुद्दा दह्याचा. बेळगाव-खानापूर भागात पावसाळ्यातले गार दिवस लांबतात आणि घरचे दही जेमतेम लागते, त्याला आंबटपणा येत नाही. अशा गोड दह्यात घातलेल्या सोड्याला पुरेसे आम्ल न मिळाल्याने तो शिल्लक राहतो, आणि तव्यावरच्या उष्णतेने त्याचे सोडियम कार्बोनेट होते. कडवटपणा आणि पिवळट डाग येतात ते त्यामुळे. उलट एप्रिल-मे महिन्यांत आदल्या दिवशीचे दही चांगलेच आंबते, तेव्हा सोड्याचे काम फत्ते होते आणि दह्याचा अतिरेकी आंबटपणाही मरतो. म्हणून माझ्या मते उन्हाळ्यात सोडा आणि पावसाळ्यात पावडर हा हिशेब या भागात कोणत्याही छापील कृतीपेक्षा अधिक भरवशाचा आहे.

मुलांच्या दृष्टीने मात्र ऋतूपेक्षा वेळेचा फरक मोठा आहे. दह्यात सोडा मिसळला की वायू लगेच सुटू लागतो आणि पीठ जितके रेंगाळेल तितका तो निसटून जातो. मोठ्या माणसाला याची अडचण नसते, पण लहान मूल गोळा चेपते, पुन्हा गोळा करते, त्याचा हत्ती करते, भावंडाचा गोळा मोठा की आपला यावर थोडे भांडते, आणि तोपर्यंत पिठातला हलकेपणा संपलेला असतो. बाजारात मिळणारी बहुतेक बेकिंग पावडर दोन टप्प्यांत काम करते: थोडा वायू ओल लागताच सुटतो आणि उरलेला गरम झाल्यावर, तव्यावर. त्यामुळे पंधरा-वीस मिनिटांची मळामळ तिच्या पिठाला सहज सोसते. मुले खरोखरच हात घालणार असतील तर पावडरच घ्यावी. सोड्याचा पिझ्झा करायचाच असेल तर मुलांकडे टोमॅटो, कांदा, ढोबळी मिरची पसरण्याचे काम द्यावे आणि सोडा अगदी शेवटी, तवा तापत आल्यावर मिसळावा. इनोसारखे फ्रूट सॉल्ट तर सोड्यापेक्षाही घाईचे असते, ते ढोकळ्यालाच बरे.

मापाचा हिशेब असा: एक वाटी मैद्याला बेकिंग पावडर एक छोटा चमचा, किंवा अर्धी वाटी आंबट दह्याबरोबर सोडा पाव चमचा. सोडा पावडरीपेक्षा तिप्पट-चौपट तीव्र असल्याने चमचाभर पावडरीच्या जागी चमचाभर सोडा कधीही घालू नये.

साठवणीत मात्र सोडा सरस ठरतो. कोरडा ठेवला तर तो दीर्घकाळ टिकतो. पावडरीतले आम्ल आणि सोडा मात्र हवेतली ओल लागली तरी डब्यातच एकमेकांशी भिडतात, आणि खानापूरकडच्या पावसात तर ही ओल टाळणे कठीणच. लहान पाकीट घ्यावे, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि मुलांचा ओला चमचा त्यात जाऊ देऊ नये. डब्यावरची चिठ्ठी निघून गेली असेल तर चिमूटभर पूड कोमट पाण्यात टाकावी. फसफसली तर ती पावडर. गप्प राहिली आणि लिंबू पिळताच उसळली तर तो सोडा. लिंबानेही काहीच झाले नाही तर ती पूड टाकून द्यावी. मुलांना ही तपासणी पिझ्झाइतकीच आवडते.

किराणा दुकानात नुसता ‘सोडा’ मागितला आणि सुट्या पुडीत बांधून मिळाला, तर तो खाण्याचाच असल्याची खात्री करून घ्यावी. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. तो त्वचेला व तोंडाला दाह करतो आणि स्वयंपाकघरात, विशेषतः मुलांच्या हाताच्या अंतरावर, असू नये. पुडीपेक्षा छापील पाकीट बरे.

भाजण्याची रीत दोन्हींची एकच आहे आणि ते काम मोठ्यांनीच करावे: भाकरीचा जाड तवा मंद आचेवर, एक बाजू झाकण ठेवून भाजायची, मग उलटून भाजलेल्या बाजूवर टोमॅटोचा सॉस, भाज्या आणि चीज पसरायचे आणि चीज वितळेपर्यंत पुन्हा झाकायचे. कच्चे पीठ मुलांना चाखू देऊ नये. पीठ उरलेच तर पावडरीचे झाकून अर्ध्या तासाने वापरता येते. सोड्याचे तसे ठेवू नये, त्याच्या सगळ्या पोळ्या तेव्हाच लाटून दोन्ही बाजूंनी अर्धवट भाजून घ्याव्यात आणि संध्याकाळी त्यांच्यावर सॉस व चीज घालावे.