वकीलपत्र : एका छापील कागदामागची दोन शतकं

वकीलपत्र हा वकिलाची नेमणूक करणारा पान-दीड पानाचा छापील कागद. पक्षकार खाली सही करतो, वकील 'स्वीकारले' म्हणून सही करतो आणि कागद प्रकरणात दाखल होतो. बहुतेक पक्षकार तो वाचत नाहीत. खरं तर त्यातल्या बारीक अक्षरांतल्या मजकुरामागे एक जुना प्रश्न आहे : वकील कोणाला बांधील, आणि कोणाला विचारून त्यानं काय करायचं?

कंपनी सरकारच्या काळात वकील हा अदालतीचा माणूस होता. १७९३ च्या बंगाल रेग्युलेशननं सदर दिवाणी अदालतीकडे, म्हणजे वरच्या दिवाणी कोर्टाकडे, वकिलीची सनद (परवाना) देण्याचा अधिकार दिला. सनद फक्त हिंदू आणि मुसलमानांना मिळे, फीसुद्धा सरकारनं ठरवलेली. मुंबई इलाख्यात १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेनं वकिलांचे नियम घातले. १८४६ च्या कायद्यानं धर्माची अट गेली आणि फी पक्षकार व वकील यांनी आपसांत ठरवावी असं आलं. फी करारातून येऊ लागली, तसा जाब विचारायचा पायाही तयार झाला.

१८६२ मध्ये मुंबई हायकोर्ट सुरू झालं. तिथल्या मूळ शाखेत, म्हणजे जिथे दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात तिथे, बॅरिस्टर थेट पक्षकाराकडून काम घेत नसे. सॉलिसिटर कागद तयार करून बॅरिस्टरला देई. वकिलांच्या कायद्यातल्या १९७६ च्या दुरुस्तीनं अॅटर्नी (म्हणजे हेच सॉलिसिटर) हा वेगळा वर्ग काढला, तरी सॉलिसिटरची परीक्षा मुंबईत आजही होते. बॅरिस्टरला फीसाठी दावा लावता येत नसे, ही इंग्लंडची रीत. भारतात १९२६ च्या फीविषयक कायद्यानं करार केलेल्या वकिलाला फीचा दावा करण्याची मुभा दिली आणि त्याच कायद्यात हेही लिहिलं की केवळ वकील आहे म्हणून निष्काळजीपणाच्या दाव्यातून त्याची सुटका नाही. हे दुसरं कलम फार कमी पक्षकारांना ठाऊक असतं.

वकीलपत्राचा आजचा आधार म्हणजे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश ३, नियम ४. नेमणूक लेखी हवी, सही हवी, कोर्टात दाखल हवी. ती संपते ती कोर्टाच्या परवानगीनं लेखी रद्द केल्यावर, दोघांपैकी एकाच्या मृत्यूनं किंवा त्या पक्षकारापुरतं प्रकरण संपल्यावर. त्यामुळे नुसतं 'वकील बदलला' असं सांगून भागत नाही. बार कौन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) नियमानुसार नव्या वकिलाला आधीच्या वकिलाची संमती, म्हणजे रोजच्या भाषेत ना-हरकत, घ्यावी लागते. ती मिळत नसेल तर कारण देऊन कोर्टाकडे अर्ज करावा लागतो. वकील स्वतः काम सोडत असेल तर पुरेसं कारण आणि वाजवी नोटीस हवी, शिवाय न केलेल्या कामाची फी परत द्यायची.

सगळ्यात वादग्रस्त कलम तडजोडीचं. 'वकील तडजोड करू शकतील' हे छापलेलंच असतं. १९७५ च्या जमिलाबाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं वकिलाला तडजोडीचा गर्भित (न लिहिताही गृहीत धरलेला) अधिकार मान्य केला, पण तो प्रामाणिकपणे व पक्षकाराच्या हितासाठीच वापरावा आणि वेळ असेल तर आधी विचारावं, असं बजावलं. १९७६ मध्ये तडजोड लेखी व पक्षकारांच्या सहीची असावी अशी दिवाणी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती झाली. पुढे २०१५ मध्ये न्यायालयानं स्पष्ट केलं की पक्षकाराच्या सूचनेशिवाय वकिलानं दिलेली कबुली पक्षकाराला बांधत नाही. वकिलानं तडजोडीच्या मसुद्यावर पक्षकाराची वेगळी सही घ्यावीच. छापील कलमावर विसंबणं धोक्याचं.

फी थकली म्हणून फाइल अडवून ठेवण्याचा प्रकारही जुना. २००० साली एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की पक्षकाराच्या कागदांवर वकिलाचा असा हक्क नाही. फीसाठी वेगळा मार्ग आहे, कागद मात्र परत करायलाच हवेत.

वकीलपत्र भरताना होणाऱ्या चुका सर्वोच्च न्यायालयानं उदयशंकर त्रियार प्रकरणात एकेक करून मांडल्या आहेत. सही करणाऱ्याचं नावच लिहिलेलं नसतं. संस्थेतर्फे सही असते, पण हुद्दा आणि अधिकार दिसत नाही. मुखत्यार सही करतो, मुखत्यारपत्राची प्रत जोडत नाही. वकिलाची स्वीकृतीची सही किंवा पत्ता राहून जातो. वारस पाच असतात, पण कोणती सही कोणाची हे कळत नाही. असे दोष दुरुस्त करता येतात आणि त्यासाठी संधी द्यावी, असं न्यायालय म्हणतं. तोवर तारीख वाया जाते, तो भुर्दंड पक्षकारालाच.

१९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टनं सनद आणि शिस्त दोन्ही बार कौन्सिलकडे सोपवली. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही असा निकाल दिला. कारण पुन्हा वकीलपत्रातलंच : वकील पक्षकाराच्या सूचनांनुसार वागतो, कामावर नियंत्रण पक्षकाराचं असतं, म्हणून हा व्यक्तिगत सेवेचा करार, आणि असा करार त्या कायद्याबाहेर. ग्राहक आयोगाचा मार्ग बंद झाला तरी निष्काळजीपणाचा दिवाणी दावा करता येतो. गैरवर्तन असेल तर अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम ३५ खाली राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. ताकीद, ठरावीक काळ सनद निलंबित करणं किंवा नाव कायमचं काढणं इथपर्यंत शिक्षा होऊ शकते. तक्रार एका वर्षात निकाली निघाली नाही, तर ती भारतीय बार कौन्सिलकडे वर्ग होते.